विश्लेषण : पाळी गेल्यानंतरचा ‘एक डाग’, नॉर्मल सोनोग्राफी आणि गर्भाशयाचा ‘क्लिअर सेल’ कॅन्सर

गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरमध्ये शंभरात जेमतेम तीन-चार जणींना होणारा हा प्रकार. पण तो सोनोग्राफीच्या नेहमीच्या नियमात बसत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली इतर अनेक गोष्टींसारखा दिसतो आणि त्याचे नाव रिपोर्टवर आले की उपचारांचा सगळा हिशेब बदलतो. २०२३ मध्ये तर जागतिक संघटनेने कॅन्सरची ‘स्टेज’ ठरवण्याची पद्धतच अशा प्रकारांमुळे बदलली. हा कॅन्सर नेमका काय आहे आणि त्याचे निदान कुठे अडते?

आधी नावाचा घोळ

फेब्रुवारी २०२४ मध्ये एका अभिनेत्रीच्या मृत्यूची खोटी पोस्ट फिरली आणि दुसऱ्याच दिवशी ‘हे सगळे जनजागृतीसाठी होते’ असा खुलासा झाला. त्याच आठवड्यात केंद्राच्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वयाच्या मुलींच्या लसीकरणाचा उल्लेख होता. दोन्हींचा विषय एकच, गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. मराठीत बोलताना, लिहिताना यातला ‘मुख’ हा शब्द सहज गळतो आणि उरतो तो ‘गर्भाशयाचा कॅन्सर’. मग लस, पॅप स्मीअर, एचपीव्ही हे सगळे एकाच टोपलीत जाते.

प्रत्यक्षात हे दोन वेगळे आजार आहेत. मुखाचा कॅन्सर प्रामुख्याने एचपीव्ही विषाणूमुळे होतो, त्यावर लस आहे आणि तो होण्याआधीच पकडता येईल अशी चाचणीही आहे. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा, म्हणजे एंडोमेट्रिअमचा कॅन्सर वेगळा. त्यावर लस नाही आणि सरसकट सगळ्या स्त्रियांची करावी अशी चाचणीही नाही. पॅप स्मीअर मुखावरच्या पेशींसाठी असते. आतल्या कॅन्सरच्या गळून आलेल्या पेशी कधीमधी त्यात सापडतात, पण पॅप नॉर्मल आली म्हणून आतले अस्तर ठीक आहे असे म्हणता येत नाही. ‘दोन वर्षांपूर्वी पॅप केली होती, सगळे ठीक होते’ हे वाक्य पाळी गेल्यानंतर अंगावरून लाल जाणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत काहीच सांगत नाही.

अस्तराच्या कॅन्सरचे जगभरात २०२२ मध्ये सुमारे ४ लाख २० हजार नवे रुग्ण नोंदले गेले. भारतात त्याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे, मात्र शहरांतल्या नोंदी वाढत्या आहेत. लठ्ठपणा, मधुमेह, पीसीओएस, उशिरा जाणारी पाळी ही त्याची नेहमी सांगितली जाणारी कारणे. ती खरी आहेत, पण ती लागू होतात या कॅन्सरच्या नेहमीच्या प्रकाराला.

‘क्लिअर’ म्हणजे काय?

नेहमीचा प्रकार म्हणजे एंडोमेट्रिऑइड. दहापैकी साधारण आठ रुग्णांत हाच असतो. इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा प्रभाव दीर्घकाळ राहिला की अस्तर जाड होते, त्यात बदल होतात आणि पुढे कॅन्सर होतो. बहुतेक वेळा तो लवकर कळतो आणि शस्त्रक्रियेने बराही होतो. १९८३ मध्ये लेनिनग्राडचे डॉक्टर याकोव बोखमन यांनी मांडले की या कॅन्सरचे दोन स्वभाव आहेत. एक हा संप्रेरकांशी जोडलेला आणि संथ, तर दुसरा संप्रेरकांशी फारसा संबंध नसलेला आणि आक्रमक. ही विभागणी आता ढोबळ मानली जाते, पण डॉक्टरांच्या बोलण्यातून ‘टाइप वन, टाइप टू’ अजून गेलेले नाही.

क्लिअर सेल कार्सिनोमा या दुसऱ्या गटातला. त्याच गटात सिरस कार्सिनोमा येतो, तो याच्यापेक्षा जास्त आढळतो. क्लिअर सेल बहुधा साठीच्या आसपास किंवा त्यानंतर होतो. लठ्ठपणाशी त्याचे नाते तितके घट्ट नाही. सडपातळ, मधुमेह नसलेल्या, तीन मुले झालेल्या बाईलाही तो होऊ शकतो. म्हणूनच ‘यांना कसा होईल?’ हा अंदाज इथे फसतो. स्तनाच्या कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो आणि त्यात आक्रमक प्रकारही असतात. त्यामुळे त्यांनी रक्तस्रावाची तक्रार अजिबात अंगावर काढू नये.

नावातल्या ‘क्लिअर’चा अर्थ मात्र नीट समजून घ्यायला हवा, कारण मराठी घरात ‘रिपोर्ट क्लिअर आला’ म्हणजे काही नाही निघाले. इथे अर्थ उलटा आहे. या कॅन्सरच्या पेशींमध्ये ग्लायकोजेन नावाची साठवणीची साखर भरलेली असते. तुकडा प्रयोगशाळेत स्लाइडसाठी तयार करताना ती विरघळून जाते आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशीचा मधला भाग रिकामा, पारदर्शक दिसतो. म्हणून क्लिअर सेल. काही पेशींची केंद्रके टोकाकडे फुगून बाहेर आलेली दिसतात, बुटाच्या तळाला ठोकलेल्या खिळ्यांच्या माथ्यांसारखी.

या आजाराने तज्ज्ञांनाही बराच काळ चकवले. १९३९ मध्ये अंडाशयातल्या अशाच गाठींचे वर्णन वॉल्टर शिलर यांनी केले तेव्हा त्यांना वाटले की गर्भावस्थेतल्या मूत्रपिंडाच्या अवशेषांतून त्या वाढतात, आणि त्यांनी नाव दिले ‘मेसोनेफ्रोमा’. पुढे हे चूक ठरले. या पेशी गर्भाशय आणि नलिका ज्या उतीपासून बनतात त्याच कुळातल्या निघाल्या. १९७६ मध्ये रॉबर्ट कर्मन आणि रॉबर्ट स्कली यांनी गर्भाशयाच्या अस्तरातल्या अशा २१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि हा स्वतंत्र प्रकार म्हणून ठसला. गंमत म्हणजे मेसोनेफ्रिक पेशींसारखी दिसणारी एक वेगळी, अत्यंत दुर्मीळ गाठ आता खरोखरच वर्गीकरणात आली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या आवृत्तीत तिला जागा मिळाली.

इतका दुर्मीळ, तर चर्चा कशाला?

कारण रुग्णांची संख्या आणि मृत्यूंची संख्या यांचा मेळ बसत नाही. अमेरिकेतल्या कॅन्सर नोंदींवर आधारित २००६ मधला एक अभ्यास या बाबतीत वारंवार सांगितला जातो. त्यात सिरस प्रकार एकूण रुग्णांच्या १० टक्के होता, पण मृत्यूंमध्ये त्याचा वाटा ३९ टक्के होता. क्लिअर सेल रुग्णांमध्ये ३ टक्के आणि मृत्यूंमध्ये ८ टक्के.

दुसरे कारण जून २०२३ मधले. स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिगो’ हिने या कॅन्सरच्या स्टेज नव्याने ठरवल्या. त्याआधीच्या २००९ च्या पद्धतीत स्टेज म्हणजे ‘कॅन्सर कुठपर्यंत पोहोचला’ एवढाच प्रश्न होता. गर्भाशयाच्या स्नायूच्या अर्ध्यापेक्षा कमी खोलीत असेल तर पहिली स्टेज, पहिला टप्पा. मग तो कुठल्याही पेशींचा असो. नव्या पद्धतीत ‘कोणत्या पेशींचा’ हा प्रश्नही स्टेजच्या आत आला. क्लिअर सेल, सिरस, कार्सिनोसार्कोमा यांसारखे आक्रमक प्रकार फक्त एखाद्या पॉलिपमध्ये किंवा अस्तरापुरते असतील तर ‘एक-सी’. स्नायूत जरा जरी शिरले असतील तर थेट ‘दोन-सी’. म्हणजे काल जिला ‘पहिली स्टेज आहे, काळजी नको’ सांगितले असते, तिला आज दुसरी सांगितली जाईल. कॅन्सर तेवढाच आहे, फक्त त्याच्या स्वभावाची दखल घेतली गेली.

या बदलावर टीकाही झाली. जिथे साध्या तपासण्या मिळत नाहीत तिथे इतकी गुंतागुंतीची पद्धत कशी वापरायची, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यातून एक गोष्ट उघड झाली. पेशींचा प्रकार ओळखताना चूक झाली तर आता स्टेजच चुकते. आणि प्रकार ओळखणे हेच या आजारातले सर्वांत नाजूक काम आहे.

सोनोग्राफी काय दाखवते, काय नाही?

पाळी जाऊन वर्ष उलटल्यानंतर अंगावरून लाल गेले, डाग लागला, तपकिरी पाणी गेले, तर पहिली तपासणी बहुधा योनिमार्गे सोनोग्राफी असते. त्यात अस्तराची जाडी मोजतात. ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर कॅन्सरची शक्यता एक टक्क्याहूनही कमी, असा सर्वमान्य नियम आहे. तो चुकीचा नाही. हजारो स्त्रियांची विनाकारण बायोप्सी त्यामुळे टळते. पाळीनंतरच्या रक्तस्रावाच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार असा रक्तस्राव झालेल्या शंभरपैकी साधारण नऊ जणींना कॅन्सर निघतो. बाकीच्यांना कोरडेपणा, पॉलिप, हॉर्मोनच्या गोळ्या अशी कारणे असतात. तेव्हा डाग दिसला की कॅन्सरच, असे समजून घाबरण्याचे कारण नाही. पण त्याच आढाव्यातली दुसरी बाजू अशी की कॅन्सर झालेल्या स्त्रियांपैकी ९० टक्के जणींना रक्तस्राव झाला होता. इतकी ठळक खूण फार कमी कॅन्सर देतात.

अडचण पुढे आहे. चार मिलिमीटरचा नियम मुख्यतः अस्तर जाड करणाऱ्या कॅन्सरवर तयार झाला. क्लिअर सेल आणि सिरस हे बऱ्याचदा वयानुसार सुकलेल्या, पातळ अस्तरात उगवतात, किंवा एखाद्या छोट्या पॉलिपच्या टोकाला. सोनोग्राफी जाडी मोजते, पेशी मोजत नाही. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये आपल्या सूचनेतच लिहून ठेवले आहे की आक्रमक प्रकार तीन मिलिमीटरपेक्षा पातळ अस्तरातही आढळतात, म्हणून रक्तस्राव पुन्हा झाला किंवा थांबला नाही तर जाडी कितीही असो, बायोप्सी करावी.

जून २०२४ मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या नोंदींचा एक अभ्यास आला. या स्त्रियांमध्ये आक्रमक प्रकारांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असते आणि फायब्रॉइडही जास्त, त्यामुळे सोनोग्राफीत अस्तर नीट दिसतच नाही. कॅन्सर झालेल्या २१० जणींपैकी २४ जणींच्या अस्तराची जाडी ५ मिलिमीटरपेक्षा कमी होती. नुसत्या जाडीवर विसंबून राहिले असते तर नऊपैकी एकीचा कॅन्सर निसटला असता. हा आकडा जसाच्या तसा भारतीय स्त्रियांना लावता येणार नाही. पण ज्या गटात दुर्मीळ प्रकार जास्त, त्या गटात जाडीचा नियम कमजोर, हे तर्काला धरून आहे. आणि फायब्रॉइड तर आपल्याकडेही घरोघरी आहेत.

म्हणून ‘सोनोग्राफी नॉर्मल आहे’ या वाक्यापुढे एक प्रश्न उरतो : रक्तस्राव पुन्हा झाला का?

तुकडा घेण्याची साधी पद्धत म्हणजे बारीक प्लॅस्टिकच्या नळीने, ओपीडीतच, भूल न देता. ती चांगली आहे, पण कॅन्सर अस्तराच्या छोट्याशा भागातच असेल तर नळी त्याच्या बाजूने निघून येऊ शकते. क्युरेटिंगचीही तीच मर्यादा, कारण तेही अंदाजानेच होते. दुर्बिणीने आत बघून संशयित जागेचा तुकडा घेणे, म्हणजे हिस्टेरोस्कोपी, अशा वेळी अधिक भरवशाची. रिपोर्टवर कधी कधी ‘नमुना अपुरा’ असे लिहिलेले असते. अपुरा म्हणजे नॉर्मल नव्हे. पातळ अस्तरातून पुरेसा नमुना न येणे अगदी नेहमीचे आहे, पण रक्तस्राव चालू असेल तर तपास तिथे संपत नाही.

पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर

तुकडा प्रयोगशाळेत पोहोचला की खरी परीक्षा सुरू होते. ‘बायोप्सी केली म्हणजे निदान झाले’ हा समज या प्रकारात टिकत नाही.

पारदर्शक पेशी फक्त या कॅन्सरमध्ये दिसतात असे नाही. पाळी येण्याआधीच्या पंधरवड्यात निरोगी अस्तराच्या पेशींमध्येही ग्लायकोजेन साठते. एंडोमेट्रिऑइड कॅन्सरच्या काही पेशी तशाच दिसतात. सिरस कार्सिनोमात असे भाग असू शकतात. मूत्रपिंडाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या कॅन्सरचे नावही क्लिअर सेलच आहे आणि क्वचित तो गर्भाशयात पसरतो. आणि एक फसवा देखावा तर अजिबात कॅन्सर नसतो. १९५४ मध्ये पेरू देशातले पॅथॉलॉजिस्ट हावियर आरियास-स्टेला यांनी गर्भारपणात अस्तराच्या पेशींमध्ये होणारा एक बदल नोंदवला. फुगलेली केंद्रके, पारदर्शक पेशी, सगळे घाबरवणारे, पण निरुपद्रवी. गर्भपातानंतर किंवा काही हॉर्मोनच्या गोळ्यांवरही तो दिसतो. तिशीतल्या स्त्रीच्या क्युरेटिंगमध्ये हा बदल कोणी क्लिअर सेल कॅन्सर म्हणून वाचला, तर ती आपले गर्भाशय गमावू शकते. म्हणून बायोप्सीच्या चिठ्ठीवर वय, शेवटची पाळी, गर्भारपण, चालू असलेल्या गोळ्या लिहिणे ही कारकुनी औपचारिकता नाही. बऱ्याच चिठ्ठ्यांवर मात्र ‘पीएमबी, तपासणीसाठी’ एवढेच असते. पीएमबी म्हणजे पाळीनंतरचा रक्तस्राव.

तज्ज्ञांचेही एकमत होत नाही, याचा पुरावा आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या विषयातल्या तीन नामवंत पॅथॉलॉजिस्टना आक्रमक दिसणाऱ्या ५६ गाठींच्या स्लाइड स्वतंत्रपणे दाखवल्या. नेमका प्रकार कोणता, यावर तिघांचे एकमत झाले ते फक्त ३५ मध्ये. हे आयुष्यभर स्त्रियांचे कॅन्सरच बघणारे लोक होते. तालुक्याच्या गावी, दिवसभरात पित्ताशय, अपेंडिक्स, थायरॉइड सगळे बघणाऱ्या एकट्या पॅथॉलॉजिस्टकडून याहून अधिक अपेक्षा ठेवणे अन्यायाचे होईल. त्याला वर्षभरात एखादाच क्लिअर सेल दिसत असेल, किंवा एकही नाही.

मदतीला येते ती आयएचसी, म्हणजे पेशींतली विशिष्ट प्रथिने रंगवून बघण्याची तपासणी. नुसत्या निळ्या-गुलाबी स्लाइडवर जे ठरत नाही ते इथे बरेचसे सुटते. मात्र एका रंगाने कधीच नाही, तीन-चार मिळून. इस्ट्रोजेनचा ग्राहक ‘ईआर’ नेहमीच्या कॅन्सरमध्ये बहुधा सापडतो, क्लिअर सेलमध्ये बहुधा सापडत नाही. ‘पी५३’ सिरसमध्ये जवळपास नेहमी बिघडलेले असते. क्लिअर सेलमध्ये काहींत बिघडलेले, बऱ्याच जणींत नाही. ‘नॅप्सिन ए’ हे मूळचे फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी वापरले जाणारे प्रथिन क्लिअर सेलकडे बोट दाखवते. ‘एचएनएफ-१ बीटा’ क्लिअर सेलमध्ये सहसा सापडते खरे, पण ते निरोगी अस्तरातही सापडते, त्यामुळे केवळ त्याच्या जोरावर निदान करू नये. मूत्रपिंडाची शंका असेल तर साध्या पोटाच्या स्कॅनने ती लवकर फिटते. कधी कधी महागड्या रंगांपेक्षा तोच शहाणा मार्ग असतो.

हे सगळे रंग नीट चढायला तुकडा नीट जपलेला असावा लागतो. शस्त्रक्रियेनंतर गर्भाशय लगेच, आकारमानाच्या दहापट फॉर्मलिनमध्ये जायला हवे, आणि तेही चिरून. न उघडता छोट्या बरणीत कोंबलेल्या गर्भाशयात फॉर्मलिन आतल्या अस्तरापर्यंत पोहोचत नाही. बाहेरचा स्नायू टिकतो आणि जिथे कॅन्सर आहे तो भाग कुजतो. मग मुंबई-पुण्याच्या कितीही मोठ्या प्रयोगशाळेत पाठवले तरी उत्तर मिळत नाही.

पिशवी आधी, तपास नंतर

महाराष्ट्रात या विषयाला आणखी एक बाजू आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया देशभर गाजल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यातल्या अनेक जणी तिशी-चाळिशीच्या. पांढरे जाणे, पोटदुखी अशा तक्रारींवर ‘पिशवी खराब झाली, ठेवली तर कॅन्सर होईल’ असे सांगितल्याचे अनेकींनी सांगितले. राजस्थान, बिहार, छत्तीसगड इथल्या अशाच तक्रारींवरच्या जनहित याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करायला सांगितले. देखरेखीसाठी जिल्हा पातळीपर्यंत समित्या नेमण्याची तरतूद त्यात आहे.

त्या शस्त्रक्रियांचा क्लिअर सेल कॅन्सरशी थेट संबंध नाही. बहुतेक स्त्रिया या कॅन्सरच्या वयाच्या जवळपासही नव्हत्या. पण सवय तीच आहे, आणि ती दोन्ही टोकांना नुकसान करते. जिला कॅन्सरचा धोका नगण्य, तिची पिशवी कॅन्सरच्या भीतीने काढली जाते. आणि जिच्या बाबतीत शंका खरी, त्या साठीतल्या बाईला ‘आता पिशवीचे काय काम, काढूनच टाकू’ म्हणून बायोप्सी न करताच शस्त्रक्रियेला घेतले जाते. दुसऱ्या चुकीची किंमत कमी बोलली जाते. क्लिअर सेल असल्याचे आधी माहीत असेल तर शस्त्रक्रिया वेगळी होते. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशये आणि नलिका, लसिका ग्रंथींची तपासणी, पोटातल्या चरबीच्या पडद्याचा तुकडा, आणि हे करणारा कॅन्सरचा सर्जन. आधी माहीत नसेल तर फक्त पिशवी निघते. दोन आठवड्यांनी रिपोर्टमध्ये कॅन्सर निघतो, आणि ग्रंथींत काही होते का हे कळायला दुसरी शस्त्रक्रिया किंवा नुसता स्कॅनवरचा अंदाज उरतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत गर्भाशय आतच तुकडे करून काढले असेल तर पेशी पोटात पसरण्याचा धोका वेगळा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये अशा तुकडे करणाऱ्या यंत्रांबाबत इशारा दिला होता. तो मुख्यतः सार्कोमा या दुसऱ्या कॅन्सरच्या संदर्भात होता, पण न ओळखलेला कुठलाही कॅन्सर या बाबतीत वेगळा नाही.

आणि काढलेली पिशवी तपासणीला गेलीच नाही तर? नातेवाईकांना ट्रेमध्ये दाखवली, ‘बघा, किती सुजली होती’, आणि विषय संपला. मग कॅन्सर होता की नव्हता, हे पुढे पोटात पाणी झाल्यावरच कळते.

रिपोर्ट हातात आल्यावर

क्लिअर सेल असे लिहून आले असेल, किंवा ‘हाय ग्रेड कार्सिनोमा’ एवढेच लिहून प्रकार मोकळा सोडला असेल, तर दुसरे मत घेणे हा पहिल्या डॉक्टरवरचा अविश्वास नसतो. टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयांत बाहेरून आलेल्या रुग्णाच्या स्लाइड पुन्हा बघितल्याच जातात. त्यासाठी कागदी रिपोर्टचा फोटो पुरत नाही. स्लाइड आणि ‘ब्लॉक’ दोन्ही लागतात. ब्लॉक म्हणजे मेणात घट्ट केलेला तुमचा तुकडा, त्यातूनच नव्या तपासण्यांसाठी काप काढता येतात. तो प्रयोगशाळेत ठेवलेला असतो आणि रुग्णाने मागितल्यावर नोंद करून दिला जातो. गावाहून मुंबई गाठायची, तिथे कळायचे की ब्लॉक आणला नाही, परत जायचे, यात कित्येक कुटुंबांचे पंधरा दिवस जातात.

रिपोर्टमध्ये चार प्रथिनांचा उल्लेख आहे का तेही बघावे : एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६. पेशींतला डीएनए दुरुस्त करणारी ही यंत्रणा काही रुग्णांत बंद पडलेली असते. क्लिअर सेलमध्येही थोड्या जणींत. याचे दोन परिणाम होतात. एक, तो आनुवंशिक लिंच सिंड्रोम असू शकतो आणि मग मुली, मुलगे, भावंडांचीही तपासणी करावी लागते, कारण त्यांना आतड्याच्या कॅन्सरचाही धोका असतो. दुसरा परिणाम औषधांचा.

उपचार इथे थोडक्यात. शस्त्रक्रियेनंतर बहुतेकींना कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही केमोची जुनी, सर्वत्र मिळणारी जोडी दिली जाते आणि गरजेनुसार रेडिएशन. मार्च २०२३ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष एकाच दिवशी प्रसिद्ध झाले. एकीत डोस्टार्लिमॅब, दुसरीत पेम्ब्रोलिझुमॅब ही प्रतिकारशक्ती जागवणारी औषधे केमोबरोबर दिली होती. पुढे गेलेल्या किंवा उलटलेल्या कॅन्सरमध्ये आजार आटोक्यात राहण्याचा काळ त्यामुळे वाढला, आणि ज्यांची ती दुरुस्तीयंत्रणा बंद होती त्यांना सर्वांत जास्त फायदा झाला. औषधे अतिशय महाग आहेत. त्यांचा उपयोग कुणाला होईल हे सांगणारी चार प्रथिनांची तपासणी मात्र त्या मानाने स्वस्त आहे, आणि तीच अनेक रिपोर्टमध्ये नसते.

जनुकांच्या पातळीवर हा आजार आणखी वेगळा दिसू लागला आहे. २०१३ मध्ये अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम प्रकल्पाने अस्तराच्या कॅन्सरचे चार जनुकीय गट मांडले आणि सगळा विषय ढवळून निघाला. त्यांनी ३७३ गाठी तपासल्या होत्या, पण एंडोमेट्रिऑइड, सिरस आणि दोन्हींचे मिश्रण एवढ्याच. क्लिअर सेल त्यात घेतलाच नव्हता. दुर्मीळ आजारांचे असेच होते, मोठ्या अभ्यासाच्या दारात ते थांबून राहतात. नंतर छोट्या अभ्यासांत हेच चार गट क्लिअर सेलमध्येही सापडले. म्हणजे स्लाइडवर अगदी सारख्या दिसणाऱ्या दोघींपैकी एकीच्या गाठीत ‘पोल’ नावाच्या जनुकात बदल असेल तर तिचा कॅन्सर बहुधा उलटत नाही, आणि दुसरीच्या गाठीत पी५३ बिघडलेले असेल तर तिच्यावर कडक नजर ठेवावी लागते. फिगोच्या नव्या पद्धतीत पहिल्या-दुसऱ्या स्टेजला ‘पोल’ बदल सापडला तर स्टेज खाली आणण्याची सोय आहे. पी५३ आणि ती चार प्रथिने आयएचसीवर भागतात. ‘पोल’साठी मात्र डीएनएचा क्रम वाचावा लागतो, आणि ती सोय अजून मोजक्या शहरांतल्या मोजक्या प्रयोगशाळांत आहे. तिथे पाठवायलाही लागतो तो ब्लॉकच, नीट फॉर्मलिनमध्ये ठेवलेल्या तुकड्याचा.